रात्री १० नंतर तरी आवाज कमी करा, राजेहो

परवा मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत होतो. समोरच्या बर्थवर एक काका. आमच्या धंतोलीतल्याच दवाखान्यातून सुट्टी झालेली, पोटाला टाके, घरी अकोल्याला निघालेले. बाजूच्या बर्थवर एक तरुण मोबाईलवर रील्स लावून बसला होता, फुल्ल आवाजात. अकरा वाजले. काकूंनी तीनदा त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अख्ख्या डब्यात कोणी काही बोललं नाही.

शेवटी उठून म्हटलं, "भाऊ, काकांचं ऑपरेशन झालंय, जरा हेडफोन लावता का?"

त्यानं लगेच मोबाईल बंद केला. वर म्हणाला, "अरे, आधी सांगायचं ना काका!"

खरं सांगू? तासभर गप्प बसल्याची मलाच लाज वाटली. पेपरात ध्वनिप्रदूषणाच्या बातम्या लिहिणारा माणूस मी!

आपलं असंच आहे. एक तर मुकाट सहन करायचं, नाही तर एकदम भांडायचं. मधला रस्ता आपण विसरलोच. रेल्वेचा नियम स्पष्ट आहे. रात्री १० नंतर मोठ्यानं बोलायचं नाही, मोठ्या आवाजात गाणी लावायची नाहीत. आधी नीट सांगा. ऐकलं नाही तर टीसीला सांगा, तोही सापडला नाही तर १३९ वर फोन करा. स्वतः हुज्जत घालू नका. विमानात तर शिवीगाळ, दमदाटी केली तरी ३ महिन्यांपर्यंत प्रवासबंदीची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. म्हणजे त्रास देणारा राहिला बाजूला, आवाज चढवणाराच अडकायचा.

आणि फक्त त्या पोराला नावं ठेवून चालणार नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. गाडीत मधला बर्थ उघडायची वेळही तीच. त्याच नियमांत दवाखान्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सांगितलंय. धंतोलीत पावलोपावली दवाखाने आहेत, आणि त्यांच्या दारातच आपण हॉर्न वाजवतो. आत कोणाचे तरी काका झोपलेले असतात. फक्त ते आपल्याला दिसत नाहीत, एवढाच फरक.

त्या पोराला सांगितल्यावर कळलं. आपल्याला कोण सांगणार?

तुम्ही अशा वेळी काय करता? कमेंटमध्ये लिहा. भांडू नका फक्त.