भाऊरावांचे कीर्तन

चाळीत भाऊराव मरतात आणि मेल्यावर बोलू लागतात. नुसते बोलत नाहीत, कीर्तनाला उभे राहतात. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७४ साली रंगभूमीवर आणले, तेव्हापासून सश्रद्ध घरांतील प्रेक्षक त्यापुढे अवघडून बसत आला आहे. अंत्येष्टी हा सोळा संस्कारांतील अखेरचा. त्याची ही थट्टा कशासाठी, असे त्याला वाटते. शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर नाटकातच शोधावयास हवे.

पाश्चात्त्य असंगत नाट्याची नक्कल म्हणून हे नाटक मोडीत काढणे सोपे आहे. युजीन आयनेस्कोच्या १९५४ सालच्या ‘आमेदे’ नाटकातही एका जोडप्याच्या घरात प्रेत आहे; ते वाढत वाढत घर व्यापते. पण ते प्रेत मुके आहे, ते कोणाचे हेही धड कळत नाही. भाऊराव मुके नाहीत. त्यांना पत्नी रमा आहे, मुलगा नाना आहे आणि मेल्यावरही न सुटलेला एक हट्ट आहे : दहन जुन्याच स्मशानात व्हावे. ते स्मशान तर बंद झालेले! दहन लांबते आणि ताटकळलेला देह नासू लागतो.

हसू येते ते नेमके कशाचे? मंत्रांचे नव्हे, चितेचेही नव्हे. ते येते चाळकऱ्यांच्या सराईत हळहळीचे. कोणत्या वेळी कोणता उद्गार काढावयाचा, हे त्यांना पाठ आहे. गेलेल्या माणसाचे काय हवे-नको, याचे कोणाला सोयरसुतक नाही. देहाच्या नश्वरतेवर बुवा निरूपण करतात तेव्हा श्रोते माना डोलावतात. येथे निरूपणाला तो देहच उभा आहे. मान डोलावून मोकळे होण्याची सोय उरत नाही. नारदीय कीर्तनाच्या घरच्या घाटातून आल्यामुळेच हा बोचरेपणा थेट पोहोचतो.

रमेचे प्रकरण मात्र खटकते. खांदा देण्यास आलेल्या एका पुरुषाकडे तिचे मन ओढ घेते. नाटककार त्यातून हशा मिळवितो, पण तिच्या एकटेपणापाशी पुरेसा थांबत नाही.

उरतो नाना. भांबावलेला, चिडलेला, नव्या काळाचा हा मुलगा वडिलांच्या हट्टाला वेड्यात काढू शकला असता. तो त्यांना जुन्याच स्मशानात नेतो. चोरून नेतो, पण नेतो.