विटा-चुन्याचा कारभार

एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांची नात स्थापत्याची पदवी घेऊन घरीं आली असून आतां तिला बांधकाम-व्यवस्थापन शिकावयाचें आहे. थोरले चिरंजीव म्हणतात, संगणकाकडे वळावें. आजीबाईंस तर ‘कंत्राटदार’ हा शब्दच सोसत नाहीं. आजोबांचा प्रश्न मात्र नेमका आहे : मुकादम जें पदवीवांचून करितो, तें शिकण्यास विश्वविद्यालय कशास?

प्रश्न रास्त आहे. चांगला मुकादम पन्नास माणसें चोख वागवितो. परंतु माणसें हजारों, कंत्राटें अनेक आणि पैसा कर्जाऊ असला, म्हणजे नुसती नजर पुरत नाहीं. सिडनीच्या संगीत-नाट्यगृहाचें काम १९५९ सालीं सुरू झालें, तेव्हां ४ वर्षें व पुढील चलनाच्या हिशेबानें ७० लाख डॉलर पुरतील असा अंदाज होता. लागलीं १४ वर्षें आणि सुमारें १० कोटी २० लाख डॉलर! छताच्या शिंपल्यांचें गणित सुटण्यापूर्वींच पायाला हात घातला. पुढें छताचा भार कळला, तेव्हां आधीं उभे केलेले खांब अपुरे ठरून पुन्हां बांधावे लागले. गवंडी वाईट नव्हते. क्रम चुकला होता.

उलट न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत पाहा. १७ मार्च १९३० रोजीं बांधणीस आरंभ, १ मे १९३१ रोजीं उद्घाटन, मजले १०२. भर शहरांत माल सांठविण्यास अंगण नव्हतें. म्हणून पोलाद ज्या क्रमानें चढवावयाचें त्याच क्रमानें मागविलें जाई. मजल्यांवर लहान रूळ टाकून माल फिरवीत, आणि मजुरांचा वेळ चढ-उतारांत जाऊं नये म्हणून उपाहाराची सोयही वरच केलेली होती.

हें क्रमाचें शास्त्र १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यू पॉन्ट कंपनीच्या कारखान्यांसाठीं रीतसर मांडलें गेलें. त्यास ‘क्रिटिकल पाथ’ पद्धति म्हणतात. आमच्या गृहिणींस ती नवी वाटूं नये. लग्नघरीं रुखवताचे लाडू दोन दिवस उशिरा वळले तरी चालतें; पण कार्यालय ठरल्यावांचून पत्रिका छापतां येत नाहीं, आणि पत्रिका गेल्यावांचून पाहुणे येत नाहींत. ज्या साखळींतील एक दिवस चुकला कीं मुहूर्तच चुकतो, ती ओळखून तेथें लक्ष घालावयाचें. शिवाय मापें, दर, करार, कायदा आणि माणसांची सुरक्षितता हेही विषय अभ्यासावे लागतात.

कंत्राटदारीच्या कमीपणाविषयीं इतकेंच सांगतों कीं, वालचंद हिराचंद यांचे पहिले भागीदार लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेंतील कारकून होते. वालचंदांनीं १९२६ सालीं स्थापिलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीनेंच वांद्रे-वरळी सागरी सेतु बांधिला. तो २००९ सालीं खुला झाला.

आमच्या स्वतःच्या घरचा अनुभव कडू आहे. आमचा वाडा आम्हीं एका बांधणाऱ्यास दिला. अडीच वर्षांत घर मिळेल असें ठरलें होतें. पांचवी दिवाळी भाड्याच्या जागेंत झाली आणि आईनें तर नवें घर पाहिलेंच नाहीं. वेळापत्रक मागावयास गेलों, तर हातीं इमारतीचें रंगीत चित्र पडलें. त्या कचेरींत हें शास्त्र जाणणारें एकही माणूस नव्हतें, असें आज आम्हांस वाटतें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ग्राहकांच्या पैशांपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यांत ठेवावी लागते, आणि ती काढण्यास झालेल्या कामाबद्दल अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ व हिशेबतपासनीस यांचे दाखले लागतात. त्यामुळें कामाची मोजदाद करणारांस पूर्वींपेक्षां मान आला आहे.

नोकऱ्या म्हणाल तर नियोजन, मापें व बिलें, करारांचे तंटे, मालकाच्या वतीनें देखरेख अशा अनेक आहेत. ५०० किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा-अधिकारी नेमणें १९९६ च्या कायद्यानें आवश्यक ठरलें. अनुभवानें मनुष्य प्रकल्प-प्रमुख होतो. मात्र धरण किंवा बोगदा घराजवळ येत नाहीं. वर्षानुवर्षें छावणींत राहावें लागतें. बांधकामावर स्त्रियांसाठीं साध्या सोयीही कैक ठिकाणीं नसतात, हें नातीस आधींच सांगावें. लपवूं नये.

शिक्षणाची सोय पुण्यासच आहे : १९८३ सालीं स्थापन झालेली निकमार ही संस्था आज बालेवाडीस विद्यापीठ म्हणून चालते. दिल्लीस आय. आय. टी. व नियोजन-वास्तुशास्त्राचें विद्यालय आहे. परंतु आमचें स्पष्ट मत असें कीं, पदवीनंतर तडक तेथें जाऊं नये. आधीं दोन वर्षें चिखलांत उभें राहावें. ज्यानें स्लॅब ओततांना रात्र काढिली नाहीं, त्यानें आंखलेलें वेळापत्रक मुकादम खिशांत घालून ठेवितो. मग मुकादमच शहाणा, हें आजोबांचें म्हणणें खरें ठरतें!

तेव्हां आजोबांनीं नातीस एकच विचारावें. तयार काँक्रीट घेऊन निघालेली गाडी वाहतुकींत अडकली आहे, माल साधारणतः दोन तासांत ओतावयास हवा, आभाळ भरून आलें आहे आणि वर वीस माणसें थांबलीं आहेत. तूं आधीं कोणास फोन करशील? तिचें उत्तर आम्हांस अवश्य कळवावें.