राजाचा जावई

आज १६ एप्रिल. १८५३ साली याच दिवशी दुपारी साडेतीन वाजता हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी, आणि कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या तेव्हाच्या खेड्यांवरून गेलेली एकवीस मैलांची वाट! ज्या उपनगरवासीयाचे अर्धे आयुष्य या लोहमार्गावर जाते, त्यास ही हकीकत नवी नाही. परंतु त्या समारंभास जो गैरहजर राहिला, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड हा सरसेनापती व बिशप यांच्यासह आदल्याच संध्याकाळी थंड हवेच्या डोंगरांकडे निघून गेला होता. सरसेनापती लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरन्स हा गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीचा सख्खा भाऊ. इलाख्याची मुलकी सत्ता मेहुण्याकडे आणि लष्करही मेहुण्याकडेच, अशी ही घरगुती व्यवस्था होती!

ल्युशस केरी, दहावा व्हायकाउंट फॉकलंड, याचा जन्म १८०३ चा. १८०९ मध्ये त्याचे वडील द्वंद्वयुद्धात मारले गेले आणि पाच वर्षांच्या या मुलाकडे किताब चालून आला. १८३० च्या डिसेंबरात त्याचा विवाह अमीलिया फिट्झक्लॅरन्स हिच्याशी झाला आणि तो राजाचा जावई बनला. चौथा विल्यम राजा गादीवर येण्यापूर्वी डोरोथिया जॉर्डन या नटीबरोबर बरीच वर्षे राहिला होता. त्या संबंधापासून झालेल्या दहा अपत्यांत अमीलिया सर्वांत धाकटी. या मुलांना कायद्याने वारसा नव्हता. त्यात त्या मुलांचा काडीचाही दोष नव्हता हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. शिवाय अमीलियाबाई स्वतः चांगल्या लेखिका होत्या आणि त्यांच्या हिंदुस्थानातील आठवणींचा ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्धही झाला. प्रश्न आहे तो जावईबापूंचा. राजाच्या खाजगीकडील मानाची जागा आणि १८३२ मध्ये आणखी एक किताब त्यांस मिळाला. १८३७ मध्ये सासरे वारले, पण उघडलेली दारे बंद झाली नाहीत. १८४० मध्ये कॅनडाकडील नोव्हा स्कोशिया प्रांताची गव्हर्नरी त्यांच्याकडे आली. तेथे १८४३ मध्ये त्यांनी एका पुढाऱ्याच्या मेहुण्यास कार्यकारी मंडळावर नेमले. त्याच्या निषेधार्थ जोसेफ हाउ याने व त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि जबाबदार राज्यपद्धतीचा झगडा पेटला. असा अनुभव गाठीस बांधून हे गृहस्थ १८४८ च्या मे महिन्यात मुंबईस आले.

ते येण्यापूर्वी महिनाभर आधी, ५ एप्रिल रोजी, साताऱ्यास छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले होते. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहाने सातारचे राज्य वंशपरंपरा चालावयाचे होते, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तक पुत्र हा औरसाइतकाच वारस होय. आधीचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीही दत्तकाचा हक्क मानावा असेच मत दिले होते. फॉकलंडसाहेबांनी मात्र आपल्या कौन्सिलाच्या बहुमताबरोबर राज्य खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला. अखेरचा निर्णय डलहौसीचा आणि विलायतेतील डायरेक्टरांचा, हे खरे. तथापि, ज्या नात्यास कायद्याची मान्यता नव्हती त्या नात्याच्या शिडीने वर चढलेल्या पुरुषाने, ज्या नात्यास शास्त्राची पूर्ण मान्यता होती ते नाते नाकारावे, यापरता विपर्यास तो कोणता?

फॉकलंड दुष्ट होता असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या पदरात पडले ते त्याने घेतले, इतकेच. परंतु याच कारकीर्दीत काळाने कूस पालटली होती. १८५२ च्या ऑगस्टात जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन स्थापिली आणि देशी लोकांस राज्यकारभारात वाव मिळावा अशी मागणी पार्लमेंटपर्यंत नेली. १८५३ च्या सनदेच्या कायद्याने मुलकी नोकरीतील डायरेक्टरांचा वशिला संपून स्पर्धापरीक्षा आली. त्याच वर्षाच्या अखेरीस फॉकलंडसाहेबांनीही मुंबई सोडली. परीक्षेचा दरवाजा हिंदी माणसास पुढे पुष्कळ वर्षे अरुंदच राहिला. पण लायकी ही जन्मावरून ठरत नाही, हे तत्त्व कागदावर तरी उतरले.

या लॉर्डाचे नाव ज्या रस्त्यास होते, त्या रस्त्यास आज पठ्ठे बापूराव यांचे नाव आहे. काव्यगत न्याय म्हणतात तो हाच! जन्माने कुलकर्णी, वतनदार घरचा हा पुरुष लावणीसाठी कुळाचा मान सोडून महार समाजातील पवळेबरोबर तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला. एकास नात्याने मोठे केले. दुसरा नाते आणि जात सोडून मोठा झाला.

पाटी बदलली, पण आमच्या मनावरील पाटी बदलली काय? ‘सरकारचा जावई’ हा शब्दप्रयोग मराठीत अजून जिवंत आहे, कारण तो जिला लागू पडतो ती जमात जिवंत आहे. उमेदवारीच्या याद्या, संस्थांची विश्वस्तपदे, सहकारी संस्थांची संचालकपदे चाळून पाहा. मुलगा, सून, पुतण्या, जावई यांचीच मांदियाळी तेथे आढळते, आणि लोक तिला मुकाट्याने मतही देतात. मुलुंडचा वा बोरीवलीचा जो तरुण लोकलच्या डब्यात उभ्याने अभ्यास करून परीक्षा देतो, त्याच्या वाट्याची जागा नात्यागोत्याने जाते तेव्हा आमच्यापैकी किती जण जोसेफ हाउप्रमाणे राजीनामा फेकतात? फॉकलंडास हसणे सोपे आहे. त्याला गव्हर्नरी देणारे परके होते. आजच्या जावयांना पदे देणारे आपणच आहोत. आजच्या दिवशी ध्यानी ठेवावयाचे ते हेच.