मराठी घेऊन काय करणार?

पीयूसीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. लिहिण्याची आवड असलेला मुलगा बी.ए.ला मराठी घेतो म्हणतो आणि वडील विचारतात, "मराठी घेऊन काय करणार?" या प्रश्नामागची काळजी आम्हाला समजते. नोकरीच्या जाहिरातींत मराठीच्या जागा किती निघतात, हे आम्हीही पाहतो.

लिहिणे ही देणगी असते, ती शिकवता येत नाही, असेही काहीजण म्हणतात. हे मात्र आम्हाला पटत नाही. गाण्याला गुरू लागतो, सुतारकामाला लागतो, मग लेखनालाच का नको? अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखन शिकवले जाते. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. बी.ए.त लेखनाविषयी पुष्कळ शिकवतात, लिहायला फारसे लावत नाहीत. रसग्रहण पाठ करून पहिल्या वर्गात आलेला मुलगा ग्रामपंचायतीला चार ओळींचा अर्ज लिहिताना अडखळतो!

तरीही ज्याला खरी ओढ आहे, त्याला अडवू नये असे आमचे मत आहे. फक्त त्याने कन्नड सोडू नये. आपल्या गाणगापूरचे माहात्म्य सांगणारे गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर कन्नडभाषक होते. आपल्याला मराठी येत नाही, असे त्यांनी ग्रंथातच सांगितले आहे. हुमनाबादच्या माणिकप्रभूंची पदे मराठीत आहेत तशी कन्नडमध्येही आहेत. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या घरी पोचल्या त्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे. दोन्ही भाषा घरच्या असलेली मुले भालकी, औराद, आळंदला जितकी सापडतील तितकी पुण्यात सापडणार नाहीत.

पुढच्या शिक्षणासाठी गुलबर्गा विद्यापीठात मराठी विभाग आहे. नेट परीक्षेला मराठी विषय आहे, यूपीएससीलाही मराठी साहित्य घेता येते. हे मुलांना बारावीनंतर कळते, तोवर अर्ज भरून झालेले असतात.

संस्थाचालकांकडे आमचे एकच मागणे आहे. आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास लेखनाचा असावा. फळ्यावरचा निबंध उतरवण्याचा नव्हे. मुलाने स्वतः लिहावे, शिक्षकांनी खुणा कराव्यात आणि मुलाने तेच पुन्हा लिहून आणावे. वह्या तपासण्याचे काम वाढेल, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. जूनपासून आठवीच्या वह्या आम्ही वाटून घेऊ.