बंदराला वास येणारच!

शनिवारी पहाटे पावणेपाचला मी जागा असलो तर त्याचं एकच कारण असतं, ते म्हणजे रिलीज फसलेलं असतं. जानेवारीतला एक शनिवार मात्र अपवाद ठरला. त्या दिवशी मी कुलाब्याला ससून डॉकच्या दारात उभा होतो. ऑफिसातल्या एका मित्राने ओढून नेलं होतं. मित्र आमच्याकडे टेस्टर आहे, वरळी कोळीवाड्यात वाढलेला. त्याच्या आत्याला डॉकवरून माल उचलायचा होता आणि मला 'खरी मुंबई' बघायची हौस होती. (मी मूळचा सदाशिव पेठेतला. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात शिजायचं. तेव्हा मासळीच्या ज्ञानाबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.)

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काही म्हणजे काही कळत नाही. बोटी एकमेकींना चिकटून उभ्या, वर झेंडे, खाली चिखलासारखं बर्फाचं पाणी. बोटीतून टोपली उडते, धक्क्यावरचा माणूस ती झेलतो आणि न बघता मागे देतो. हातगाडीवाला ओरडत येतो आणि तुम्ही बाजूला झाला नाहीत तर तुमच्या पायावरून जातो. लिलाव चालू असतो, पण तो लिलाव आहे हे मला मित्राने सांगितलं तेव्हा समजलं. कोणीतरी आकडा बोलतं, कोणाची तरी मान हलते, झाला व्यवहार. कागद नाही, सही नाही. आत्याने बोंबील आणि कोळंबी मिळून चार टोपल्या घेतल्या, तेवढ्या वेळात आमच्याकडे मीटिंगला कोण कोण आलंय हेसुद्धा विचारून होत नाही.

कडेला बायका ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. बर्फाच्या थंडगार मालात बोटं, मिनिटाला किती दाणे होत असतील देव जाणे. मजुरी सोललेल्या मालावर. मी नेहमीच्या सवयीने मोबाईल काढला. लगेच मागून आवाज आला, "काय रं, म्हावरं घेतोस का नुसता बघतोस? बाजू हो!"

मी बाजू झालो. आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय, म्हणून हा लेखप्रपंच.

मंडळी, मुंबईतल्या बंदराबद्दल बोलणारे आपण लोक दोनच प्रकारचे. एक नाक दाबणारे, दुसरे फोटो काढणारे. नाक दाबणाऱ्यांना बंदर शहराबाहेर हवंय. माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मायक्रोवेव्हवर चक्क पाटी आहे, 'कृपया मासे गरम करू नयेत'. फणसाची भाजी चालते, लसणाची फोडणी चालते, मोज्यांचा वास तर दिवसभर चालतो! आमच्या सोसायटीत एका बाईंनी गॅलरीत सुके बोंबील ठेवले तर कमिटीची खास सभा बोलावली गेली.

दुसरे फोटो काढणारे. त्यांचं बंदरावर प्रेम असतं. लाल लुगडं, रंगीत बोट, मागे सूर्योदय. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या गोदामात मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं, इथल्या कष्टकऱ्यांचे मोठाले फोटो भिंतींवर लागले होते. चांगलंच होतं की, माझा विरोध नाही. पण भिंतीवरच्या चेहऱ्याला बसायला कोरडी जागा लागत नाही, भिंतीखाली बसणाऱ्या बाईला लागते. हे आपण विसरतो. आणि मीही त्यातलाच, मोबाईल माझ्याच हातात होता.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही पक्ष शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. एकाला बंदर घाण म्हणून नको, दुसऱ्याला ते देखावा म्हणून हवं. ही कामाची जागा आहे असं दोघंही धरत नाहीत. आणि जी कामाची जागा नाही ती हलवता येते, सुशोभित करता येते, तिथे कॅफे काढता येतो. वर भाषणात 'कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी' म्हणायला आपण मोकळे.

आता थोडं धंद्याच्या भाषेत. ससून डॉक १८७५ सालचं. अल्बर्ट ससून यांनी ते बांधलं, पश्चिम भारतातली ही पहिली वेट डॉक, आणि बांधली ती कापसाच्या व्यापारासाठी. पुढे कापूस गेला, मासळी आली. म्हणजे दीडशे वर्षं जुनी सिस्टिम, मूळ उद्देश वेगळा, वापर वेगळा, आणि तरीही पहाटे चालू! आमच्यात अशा सिस्टिमला लेगसी म्हणतात. नव्या इंजिनिअरला लेगसी कोड दिसला की पहिली ऊर्मी येते, हे सगळं पाडू आणि नव्याने लिहू. ज्याने एकदा तसं करून तोंड भाजून घेतलंय तो दुसऱ्यांदा आधी विचारतो, ही ओळ इथे का आहे?

हे विचारलं नाही की काय होतं याचं ताजं उदाहरण मित्राच्या घराशेजारीच आहे. कोस्टल रोड सी-लिंकला जोडायचा पूल वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जातो. खांबांमधलं अंतर ठरलं ६० मीटर. कोळी म्हणाले, पुरणार नाही, २०० मीटर द्या. महापालिका म्हणाली, ६० पुरे. नकाशावर पुरतंच हो! पण बोट नकाशावर चालत नाही. लाटेत ती सरळ रेषेत राहत नाही, वारा ढकलतो, समोरून दुसरी येते, एखादीचं इंजिन नेमकं तिथेच बंद पडतं. मित्र म्हणाला, "आपण याला एज केस म्हणतो. माझ्या काकाला ते पावसाळ्याच्या तोंडाला रोज दिसतं." कोळ्यांनी काम अडवलं, तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक म्हणणारे कमी नव्हते. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले, एक खांब गळाला, आणि २०२४ मध्ये मोठ्या धनुष्याकृती तुळया बसवून पूल झाला. जे आधी विचारून फुकटात कळलं असतं ते भांडून, उशिरा आणि जास्त खर्चात कळलं. रिक्वायरमेंट चुकली की असंच होतं, मग ते सॉफ्टवेअर असो की पूल.

लगेच कोणी म्हणेल, बंदरावर सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. घाण आहे, आणि ती सोसणारे पहिले तिथे काम करणारेच आहेत. समुद्रातही चुकतंय. बारीक आसाची जाळी, पिल्लं ओरबाडणं, हे करणारे बोटवालेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांना वाढायला वेळ मिळावा म्हणून. २०२३ मध्ये पापलेटला, म्हणजे सरंग्याला, राज्यमासा जाहीर केलं ते काही तो मुबलक झाला म्हणून नव्हे. पण यावर उपाय निचऱ्याचे पक्के नाले, शौचालयं, शीतगृह, सोलणाऱ्या बायकांसाठी ओटे आणि जाळ्यांचे नियम पाळायला लावणं, हा आहे. सर्व्हर गरम होतो म्हणून आपण त्याला पंखा देतो, दरिया महालात हलवत नाही. आणि सर्व्हर रूममध्ये आवाज येतो म्हणून कोणी तक्रारही करत नाही, कारण तो आवाज कामाचा आहे हे आपल्याला माहीत असतं. बंदराचा वासही कामाचाच आहे.

असो. दुपारी आत्याकडे बोंबील खाल्ले. पेठेतल्या पूर्वजांची क्षमा मागून तीन वेळा घेतले. सोमवारी आत्याने दिलेला डबा घेऊन ऑफिसला गेलो आणि त्या पाटीखालीच मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. दोघांनी नाक मुरडलं, एकाने हळूच येऊन "एक तुकडा देतोस का?" विचारलं. पाटी अजून आहे, पण डबा मी दर सोमवारी नेतो.

तुम्ही ससून डॉकला जरूर जा. फक्त पिशवी घेऊन जा, आणि कोणी "बाजू हो" म्हणालं तर मुकाट्याने बाजू व्हा.