पाठ मुलीची, सोय कोणाची?

मुलीची पाठ वाकडी दिसली की घरात पहिला घोर लग्नाचा. मग एक्स-रेमागून एक्स-रे. अमेरिकेत अशा ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीचे सरासरी २५ एक्स-रे. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू ७७, अपेक्षित होते सुमारे ४६. (ते एक्स-रे जुन्या काळातले, मात्रा जास्त, हे मान्य.)

आता म्हणतात, एमआरआय करा, त्यात क्ष-किरणच नाहीत. खरे आहे. पण त्यात मुलगी आडवी झोपते आणि बाक आहे त्याहून कमी दिसतो. मज्जारज्जूची शंका असेल तर तो हवाच. एरवी हजारोंचा भुर्दंड कशाला? उभ्याने, छाती प्लेटकडे करून, किरण पाठीकडून सोडले तर स्तनांना मात्रा कितीतरी कमी लागते. याला जादा पैसा लागत नाही. मैत्रिणींनो, टेबलाशी उभे राहून हे मागायचे कोणी?