पोटात ठेवण्याचे शिक्षण



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरलेली चर्चा सुरू होते. मुलगी हुशार असेल तर सी.ए., नाहीतर बी.कॉम. हल्ली मात्र बऱ्याच जणी सायकॉलॉजी म्हणतात आणि मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘वेड्यांमध्ये काम करणार का?’ इथपासून ‘स्थळं बघताना अडचण येईल’ इथपर्यंत. मी स्वतः कॉमर्सची. तरी मला वाटते, आपल्या मुलींनी हे शिक्षण घ्यावे, आणि त्यातला वर्गाबाहेरचा भाग तर मन लावून करावा.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांचीही करता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असले, तर चौथ्या वर्षी प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करता येते. त्याला १२ क्रेडिट आहेत. इंटर्नशिप आणि समाजात जाऊन करायचे कामही अभ्यासक्रमातच धरले आहे. यूजीसीच्या हिशेबाने अशा कामाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. सी.ए.ची आर्टिकलशिप असते ना, तसेच हे. नुसती पुस्तके वाचून कोणी ऑडिट करत नाही, मग माणसाच्या मनाचे काम कसे जमेल?

आपल्या पुण्याला हे नवीन नाही. १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू करणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथे व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट चालतो. दारू एक जण पितो, भोगते सगळे घर, हे तिथे ओळखले गेले.

कोणी म्हणेल, ऐकून घ्यायला पदवी कशाला? आपण बायका एकमेकींचे ऐकतोच की! ऐकतो खरे, पण दुपारी ऐकलेले संध्याकाळपर्यंत चौथ्या घरी पोचलेले असते. म्हणून तर बाळंतपणानंतर सून गप्प गप्प राहते किंवा मुलगा खोलीबाहेर येत नाही, तरी आई कोणाला सांगत नाही. तिला आजारापेक्षा बोलबाला जास्त भिववतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात दुसऱ्याचे गुपित उघड करणे, म्हणजे रहोभ्याख्यान, हा एक. चुकीचा उपदेश, म्हणजे मिथ्योपदेश, हा दुसरा. खचलेल्या मुलीला ‘मनाला लावून घेऊ नकोस, उपास कर, जप कर’ एवढेच सांगून डॉक्टरांपासून दूर ठेवणे मला तरी मिथ्योपदेशच वाटते. जपाने बळ मिळते, पण औषधाच्या जागी जप ठेवू नये.

या दोन्ही गोष्टी या मुलींना मार्गदर्शकाच्या नजरेखाली शिकायला मिळतात. संशोधनात समोरच्याची संमती घ्यायची, नाव कुठे येऊ द्यायचे नाही. इंटर्नशिपमध्ये आपल्याला काय जमत नाही हे ओळखायचे आणि ते जाणत्याकडे सोपवायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका दिसला तर काय करायचे, कोणाला कळवायचे, हेही शिकावे लागते.

म्हणून घरच्यांना माझे तीन आग्रह. प्रवेश घेताना फीबरोबर हेही विचारा की इंटर्नशिप कुठे असते आणि मुलीवर देखरेख कोणाची असते. पैसे भरून घरबसल्या मिळणाऱ्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. दुसरे, पदवी झाली म्हणजे मुलगी उपचार करू लागली, असे समजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तेव्हा आत्याच्या सुनेला ‘जरा समजाव’ म्हणून तिच्यापुढे बसवू नका.

तिसरे सगळ्यांत अवघड. ती संध्याकाळी दमून घरी आली की ‘आज कोण आलं होतं? आपल्यातलं होतं का?’ असे विचारू नका. गरम वाढा, दमलीस का विचारा, आणि ती गप्प राहिली तर राहू द्या.

कोणाला आजच गरज असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत चालू असतो. मराठीतही बोलता येते.

आपला समाज दानात कधी मागे नसतो. दवाखान्याला, पाठशाळेला आपण सढळ हाताने देतो आणि पाटीवर नावही लागते. या मुली जे देतील त्याची पाटी कुठेच लागणार नाही. तरी एखादी सून वेळेवर बोलती झाली, तर तेही दानच आहे.